पिशव्यांची अंघोळ

...नाही, तुम्हीच सांगा, ताकाच्या पिशवीला अंघोळ घालायची आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, हा कुठला न्याय? आणि आमच्या धुळ्यात, आमच्या गल्लीत, नळाला पाणी कधी? आठव्या दिवशी!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या धनसिंगनं केलं. सुका कचरा न्यायला येतो ना, तो गाडीवाला! मागच्या महिन्यात त्यानं आमची ताकाची पिशवी दोन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि साऱ्या गल्लीदेखत आमच्या बायकोला, प्रमिलेला परत दिली... ‘अक्का, अशी चिकट पिशवी पुढे कारखान्यात कोणी घेत नाही. धुऊन, वाळवून द्या.’ झालं! बाईचं नाक कापलं गेलं. तेव्हापासून दुधाची, तेलाची, शेवेची, जी पिशवी रिकामी होईल ती उलटी करून, चोळून, खळबळून अंगणातल्या दोरीवर. शेजारणींच्यासुद्धा मागून आणते हो! मग माझे सदरे कुठे वाळतात? वाळतात कुठले, धुतलेच नाहीत! पाणी कधी? आठव्या दिवशी!

बरं, धू बाई. पण काल? काल आमच्या रूपालीला बघायला जळगावहून पाहुणे येणार. आधीची दोन स्थळं मोडलेली, माझ्या जिवाला घोर... एक बादली मी अंघोळीसाठी जपलेली, वर ताट झाकलेलं. टॉवेल घेऊन जातो तर बादलीत पिशव्या पोहतायत! म्हटलं, अगं, मी पाहुण्यांसमोर असाच बसू? तर मान वर न करता म्हणते, ‘पावना पोरले देखाले ई राहिनात, तुमले नही.’

घ्या! म्हणजे येतायत ते पोरीला बघायला, मला नाही! अत्तर चोपडलं आणि बसलो. मुलाचे वडील योगराजनाना. चहा झाला, पोहे झाले, पण नाना पोरीकडे बघतच नाहीत... त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर! तसेच उठून बाहेर गेले. म्हटलं, गेलं हेही स्थळ. नानांनी एक पिशवी ओढली, चुरगाळली, हुंगली... आणि डोळ्यांत पाणी! त्यांचा तिकडे जुन्या प्लास्टिकच्या चटया विणायचा कारखाना. म्हणाले, ‘चुडामणभाऊ, तीस साल व्हयनात हाऊ धंदा करस, इतली कोरडी पिशवी देखी नही. पोर आम्हले पसंत शे.’

अहो, तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं!

आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आत जाऊन रडलो. मग देण्याघेण्याचं विचारलं, तर नानांनी हात जोडले. ‘आम्हले काहीच नको. फक्त अश्या धुयेल पिशव्या धाडत जा.’

तेव्हा आता लग्नापर्यंत अख्ख्या गल्लीच्या पिशव्या आमच्या दारात, प्रमिला मांडवाच्या तयारीत आणि ब्रश माझ्या हातात... पाणी कधी? आठव्या दिवशी! सकाळी तिला नुसतं विचारलं, हळदीच्या दिवशी तरी नवरीच्या बापाला अंघोळ मिळेल ना?

म्हणाली, बघू. पिशव्यांचं उरलं तर.