राखून ठेवलेला डाव

चीनमधल्या योंगचुन गावच्या हाडवैद्याकडे मी पाठ दाखवायला बसलो होतो. बाकावर शेजारी यान आणि कांग, दोघेही 'पांढरा बगळा' कुंगफूचे डाव शिकवणारे म्हातारे उस्ताद.

"कांग, तरुणपणी देवळासमोर मी तुला पाडलं होतं, आठवतं?"

"माझ्या हाडांना आठवतं."

"कोणत्या डावाने पाडलं?"

"हे मला विचारतोस?"

"तो डाव मी शिष्यांपासून राखून ठेवला होता. सगळेच उस्ताद एक ठेवतात. आता शिकवायला गेलो, तर हात कुठून उघडायचा तेच आठवेना. माझ्याबरोबरच तो जाणार बघ."

"कुठे जातोय? माझ्या अंगणात पोरीसुद्धा रोज करतात. पडलो तेव्हाच शिकलो मी."

"मग दाखव की मला."

"दाखवीन. रीत ठाऊक आहे ना? शिष्याने गुडघे टेकून चहा द्यायचा."

"मी? तुला?"

"आणि चहा बरा आण. नातवाच्या लग्नात पाजलास तसला नको."

तेवढ्यात वैद्याने यानला आत बोलावलं.

"काय होतंय, उस्ताद?"

"गुडघे वाकत नाहीत. निदान एकदा टेकता येतील, एवढं करा."