कोकमाच्या पिंपाची तोटी

दिघीच्या धक्क्यावर मचव्याची वाट पाहत रावजी बसले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं मांडीवर दोन तोट्या घेऊन केव्हाचं हुज्जत घालत होतं. रामनवमीच्या कीर्तनाचं आणि तिथल्या कोकम सरबताचं नाव निघालं आणि रावजींचे कान आपोआप तिकडे वळले.

“ही पितळेची बघ, कशी लखलखते!” म्हातारा म्हणाला.

“आणि पितळेत कोकम कळकलं म्हंजे? सगळ्या गावाला मळमळ!”

“कल्हई लावू.”

“आतल्या भोकात कल्हईवाल्याचा हात जातो व्हय?”

“मग ही लाकडाची घे.”

“कुठली हाय ती?”

“चांगदेवाच्या दुकानातली. दारूबंदीपास्नं पडूनच होती.”

“ताडीच्या पिंपाची? अवं, रामाच्या दारातलं सरबत ते!”

“उकळून घेऊ.”

“उकळली तरी गाव तिला वळखतो.”

“मग पितळेची?”

“कळकेल म्हणते ना!”

“अगो, ही नको, ती नको. माझं डोकं पार फिरलं.”

“तोटीच नको. दर सालासारखी मीच उभी राहीन सरबत वाढायला, ओगराळं घेऊन.”

“आणि कीर्तनातला एक शब्द कानी पडला न्हाय म्हणून रडशील. लोकांनी हातानं घ्यावं, तू पुढं बसावं, म्हणून तर तोटी!”

“मग करू काय?”

“ओगराळं माझ्याकडं दे.”

“आणि तुमचं कीर्तन?”

“मला पूर्वरंगातच डुलकी लागते. उभा राहीन तर जागा तरी राहीन.”

“सांडाल.”

“सांडीन. तू मागं वळून बघू नको, म्हंजे झालं.”