बयूमी 'नको' म्हणायला शिकला

कैरोतल्या व्यसनमुक्ती दवाखान्यात माझ्या शेजारी मायक्रोबसचा ड्रायव्हर बयूमी एका मावशींशी बोलत बसला होता.

"मावशी, आता कुणी काहीही पुढं करू दे, मी घेणार नाही."

"औषध कुठलं दिलं रे?"

"औषध नाही, सराव. तलफ आली की मन म्हणतं, 'घे रे, एका गोळीनं काय होतंय?' तो विचार तिथंच पकडायचा, 'नको' म्हणायचं आणि उठून चालू लागायचं. डॉक्टरांनी इतकं घोटून घेतलंय, की आता आपोआप होतं."

"मग तोंड का उतरलंय?"

"गुरुवारी सौसनला मागणी घालायला गेलो. लग्न ठरल्याची फातिहा वाचून झाली, सरबत आलं. मी जरा लाजलो, तर तिचे वडील म्हणाले, 'घे रे, एका पेल्यानं काय होतंय?'"

"मग?"

"'नको' म्हणालो आणि उठून चालू लागलो."

"अरे, सरबत नाकारलं म्हणजे पोरगीच नाकारली की."

"कोपऱ्यावरच्या फळवाल्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं. आत डॉक्टर तिच्या वडिलांनाच समजावतायत."

दार उघडलं. सौसनचे वडील हसतच बाहेर आले.

"पटलं बाबा मला. चांगला सराव आहे. मीसुद्धा आजपासून हुक्का सोडतोय."

"मग काका, शुक्रवारी येऊ का पुन्हा सरबताला?"

"नको," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.