हो, आणि टेबल काढा

नाही, तुम्हीच सांगा, पोटात कावळे ओरडत असताना धडधाकट माणसाला कुणी विचारतं का, की "बिजागरी ही बिजागरी नसती, तर ती काय असती?" अहो, काय असती म्हणजे? नसती! आमची कंपनी बिजागऱ्या करते. दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या. दार उघडलं पाहिजे, दार मिटलं पाहिजे, आणि मध्ये कुरकुरता कामा नये, संपलं! यात माणूस किती कल्पक होणार? पण आमचे धाकटे साहेब, म्हणजे मोठ्या साहेबांचे चिरंजीव, कुठलासा कोर्स करून आले, आणि आल्या आल्या म्हणाले की आपल्या कंपनीत नावीन्य नाही. झालं. दुसऱ्याच आठवड्यात कल्पकतेचं प्रशिक्षण. आणि ते कुठे? तर आमच्या जेवणाच्या खोलीत, आमच्या टेबलावर, आणि जेवणाची सुट्टी गिळून!

आता ते टेबल काय होतं ते तुम्हाला सांगतो, नाहीतर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही. खिडकीशी लांबलचक लाकडी टेबल. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, मधोमध कधीतरी सांडलेल्या चहाचा डाग. दिसायला काही नाही. पण आमचे स्टोअरवाले काका आहेत ना, त्यांची बायको गेली आणि त्यांचा डबाच बंद झाला. बोलले नाहीत कुणाला. नुसते येऊन बसायचे, हात टेबलावर ठेवून. मग आमच्या कॅशियर बाईंनी एके दिवशी काही न बोलता आपल्या डब्याचं झाकण त्यांच्यापुढे सरकवलं, वर थोडी भाजी. मी भात घातला, ड्रॉइंगवाल्यानं अंडं ठेवलं. तेव्हापासून रोज ते झाकण टेबलावर फिरायचं आणि काकांपाशी येईतो भरायचं. कुणी त्याला उपक्रम म्हटलं नाही, की भिंतीवर त्याचा तक्ता लावला नाही. ते टेबल होतं, म्हणून ते होत होतं.

तर त्या टेबलावर त्या दिवशी काय होतं? चिकटणारे रंगीत कागद! गुलाबी, पोपटी, पिवळे. आणि समोर तो प्रशिक्षक. तलम सदरा, मऊ आवाज, आणि गळ्यात काय? पिपाणी. लहान पोरांच्या वाढदिवसाला असते तसली. म्हणाला, "मित्रांनो, आज आपण मेंदूच्या खिडक्या उघडणार आहोत. एकच नियम. नाही म्हणायचं नाही. कुणी काहीही सुचवलं, तरी आपण म्हणायचं, हो, आणि... मग पुढे आपली भर घालायची. जो नाही म्हणेल, त्याच्यासाठी ही." आणि वाजवली हो त्यानं! पँऽऽऽ! कॅशियर बाई दचकल्या, त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. मी म्हटलं, "अहो, जेवणाची वेळ झाली, डबे उघडले तर नाही का..." पँऽऽऽ! मी नुसतं 'नाही का' म्हटलं होतं हो. पण नाही म्हणायचं नाही!

मग ते बिजागरीचं सुरू झालं. बिजागरीचे बिजागरी सोडून उपयोग सांगा. सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. शेवटी ड्रॉइंगवाला म्हणाला, "कानातलं." अहो, पाव किलोची बिजागरी कानात! पण प्रशिक्षक म्हणाला, "सुंदर! वाईट कल्पना नावाची गोष्टच नसते," आणि धाकट्या साहेबांनी ते गुलाबी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. 'कानातलं.' मी ते वाचलं आणि मला शिसारी आली. इतकी वर्षं या कंपनीत काढली, पण भिंतीकडे बघून मळमळण्याची वेळ कधी आली नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तरी मी हात जोडले असते. पण मग धाकटे साहेब म्हणाले, "आता आपला खराखुरा प्रश्न घेऊ. आपल्याकडे जेवणाची सुट्टी लांबते. लोक टेबलावरून उठतच नाहीत. यावर वेडीवाकडी कल्पना हवी." आणि प्रशिक्षकानं नेमकं माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही! तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी शिजतंय." शिजत होता तो राग होता हो! भूक डोक्यात गेली होती, डबा पायाशी गार पडला होता, आणि हा मला हसून विचारतोय. माझ्या तोंडून गेलं, "मग टेबलच काढून टाका की. जिन्यात बसून जेवू आम्ही."

टोमणा होता तो, टोमणा! लहान पोराला कळला असता. पण त्या माणसानं टाळ्या वाजवल्या. "वाऽऽ! ही चाकोरीबाहेरची कल्पना!" मी म्हटलं, "नाही हो, मी आपलं वैतागून..." पँऽऽऽ! "अहो, तसं नाही..." पँऽऽऽ! स्वतःचं बोलणं स्वतः मागे घेता येईना मला. नाही म्हणायचं नाही!

आता आमची माणसं तरी मधे पडतील की नाही? पडलीही असती. पण तो प्रशिक्षक भारी वस्ताद. म्हणाला, "या कल्पनेत जो भर घालेल, त्याला जेवायला सुट्टी." संपलं! ड्रॉइंगवाला तर डबा काखेत मारूनच उभा राहिला. "हो, आणि खुर्च्याही काढा." गेला. कॅशियर बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, त्यांना मधुमेह, वेळेवर खावं लागतं, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "हो, आणि या खोलीत दुसरं काहीतरी करा." गेल्या. एकेक जण हो-आणि, हो-आणि करत सटकला. शेवटी उरले काका. त्यांच्याकडे ना डबा ना घाई. त्यांनी त्या टेबलावरून हात फिरवला आणि इतक्या सावकाश म्हणाले, "हो. आणि मी आपला स्टोअरमध्ये खाईन काहीतरी." मी तोंड उघडलं, तर तो प्रशिक्षक पिपाणी ओठाला लावून माझ्याकडेच बघत बसलेला.

आणि कहर पुढेच आहे. आता मला सांगा, ही सगळी मंडळी डबे घेऊन गेली, ती जेवायला बसणार कुठे? खोलीत तर प्रशिक्षण चाललेलं. बसली बिचारी जिन्यात! पटापट घास कोंबत होती, कारण परत यायचं होतं. साहेबांनी दार उघडून बघितलं आणि ओरडले, "अरे, प्रयोग यशस्वी! लोक जिन्यात जेवतायत, आणि किती भराभर!" यावर माणसानं काय बोलावं? मी तर कपाळाला हातसुद्धा लावला नाही, म्हटलं, ह्याचीही कल्पना करून चिकटवतील भिंतीला.

पुढच्या सोमवारी टेबल गच्चीवर गेलं. खोलीला पाटी लागली, 'कल्पना कक्ष'. आत त्या मऊ पिशव्या आणल्या, ज्यात माणूस बसला की आत जातो आणि बाहेर यायला दोघं लागतात. कॅशियर बाई एकदा बसल्या, त्यांना काढताना ड्रॉइंगवाल्याची कंबर धरली. आणि मला काय मिळालं? बक्षीस! काचेचा दिवा, खाली लिहिलेलं 'सर्वात कल्पक कर्मचारी'. घरी नेला तर आमची ही म्हणते, "कल्पक? मोरीतला नळ कधीचा गळतोय, त्याच्याखाली बादली ठेवण्यापलीकडे काही सुचलं का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही. निदान घरी तरी पिपाणी नव्हती.

पण गंमत सोडा. जिन्यात एकापाठी एक बसायचं म्हणजे पुढच्याची पाठ बघत जेवायचं. बोलायचं कुणाशी, वाढायचं कुणाला? ते झाकण कधी थांबलं ते कळलंच नाही. एकदा मी स्टोअरमध्ये खिळे आणायला गेलो, तर काका स्क्रूंच्या डब्यांच्या आडोशाला उभे, हातात बिस्किटाचा पुडा. मला बघून त्यांनी तो खिशात घातला. मोठा माणूस, पांढरे केस, आणि चोरी पकडल्यासारखा पुडा लपवतोय! तिडीक गेली माझ्या डोक्यात. तसाच तडक साहेबांकडे गेलो.

पण मागणार कसं? टेबल परत द्या, म्हणजे तुमची कल्पना नको, म्हणजे 'नाही' आलं. आणि नाही म्हणायचं नाही! मग मी, तुम्हाला सांगतो, लाज सोडली. त्या प्रशिक्षकासारखा आवाज मऊ केला आणि म्हणालो, "साहेब, मला एक कल्पना सुचलीये. एक सपाट पृष्ठभाग. जमिनीपासून कमरेइतका उंच. खाली चार आधार. भोवती माणसं जमतील, विचार देतील-घेतील." साहेबांचे डोळे असे चमकले! "वाऽऽ! लाकडी करता येईल?" म्हटलं, "येईल, येईल." "कल्पना कक्षात ठेवता येईल?" "खिडकीशी ठेवू, साहेब." मला वाटलं, जिंकलो. गच्चीवरनं तेच टेबल खाली आलं हो, तोच डाग, तीच पुठ्ठ्याची घडी! मी त्या डागाला हात लावला आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

साहेब म्हणाले, "हो, आणि यावर आपण प्रिंटर ठेवू."

ठेवला. बाजूला कागदांचे गठ्ठे, आणि उरलेल्या कोपऱ्यात माझं बक्षीस, घरून मागवून घेतलेलं. हात टेकले मी. दुसऱ्या दिवशी काकांना दंडाला धरून स्टोअरमधनं काढलं, म्हटलं, चला, जिन्यात तर जिन्यात. त्यांना माझ्या वरच्या पायरीवर बसवलं आणि मान वाकडी करून झाकण वर द्यायला गेलो, तर आमटी माझ्याच कोपरावरून बाहीत. कॅशियर बाई वरच्या वळणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "काय करताय? त्यांना सगळ्यात खालच्या पायरीवर बसवा. झाकण मी वरून सोडते. प्रत्येकानं काहीतरी घालायचं आणि खाली द्यायचं. त्यांच्यापाशी येईतो भरेल."

आणि भरलं हो. पायरीपायरीनं भाजी, भात, काकडी, अंडं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि खाली बघून जेवायला लागले. वरून ड्रॉइंगवाला मोठ्यांदा म्हणाला, "वा बाई, काय कल्पना काढलीत!"

मी म्हटलं, "हळू बोल रे बाबा. साहेबांनी ऐकलं तर प्रशिक्षण ठेवतील."