उदाहरणादाखल एक उडी

...नाही, पण मला एक सांगा, उदाहरणात दिलेला शब्द कुणी पाळतं का? उदाहरणात? अहो, आम्ही कायदा शिकवणारी माणसं रोज उदाहरणात घोडे विकतो, गोदामं जाळतो, शेजाऱ्यांच्या भिंती पाडतो आणि संध्याकाळी पिशवीत भाजी घेऊन मुकाट घरी जातो. आजवर कुणी घोडा मागायला दारात आलेलं नाही! उदाहरण होतं हो ते, नुसतं उदाहरण!

पण हे सांगायचं कुणाला? क्रीडाविज्ञानाच्या मुलांना? कायद्याच्या वर्गात मी 'समजा' म्हटलं की मुलं पेनाचं टोपण काढतात. इथं मी 'समजा' म्हटलं की मुलं बुटांच्या नाड्या आवळतात!

या मुलांना खासगी कायद्याची मूलतत्त्वं आणि क्रीडाकायदा शिकवायला मला धाडलेलं. वर्ग कुठं, तर व्यायामशाळेच्या बरोब्बर वर. खाली कुणीतरी वजनं आपटतं आणि वर माझा करार हादरतो. मुलं येतात ती सकाळचा सराव उरकून. अंग आंबलेलं, डोळे जड... मी 'दायित्व' म्हणेपर्यंत मागची रांग घोरायला लागलेली. सबंध सत्रात एक प्रश्न नाही, एक शंका नाही! शेवटी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. बाई एके काळी अडथळ्यांची शर्यत धावायच्या. बोलणंही तसंच, मध्ये काही आलं की ओलांडून पुढं. "सर, शुक्रवारपर्यंत तुमच्या मुलांच्या तोंडून मला कायद्याचं एक धड वाक्य ऐकवा. नाहीतर पुढच्या वर्षी त्या तासाला मी मालिश ठेवते."

मालिश! कराराच्या जागी मालिश! मला हे कसं चालावं? कारण विषय आवडतो मला, अगदी मनापासून आवडतो. दोन अनोळखी माणसं निव्वळ शब्दावर विसंबून एकमेकांशी बांधली जातात, याहून थोर गोष्ट आहे का जगात? हे मी घरीही सांगतो. बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

म्हणून शुक्रवारी ठरवलं, उदाहरण यांच्या पचनी पडेल असंच द्यायचं. विषय होता सगळ्या जगाला उद्देशून केलेला प्रस्ताव. म्हणजे बघा, कुणी जाहीर केलं की हरवलेलं मांजर आणून देईल त्याला बक्षीस, तर 'मला मान्य आहे' असं कळवत बसावं लागत नाही. मांजर आणलं की करार झाला, काम हीच मान्यता! तर मी म्हटलं, "समजा, मी आत्ता जाहीर केलं, की जो कोणी खालच्या मैदानाला उलटं धावत फेरी मारील, त्याच्यासाठी मी पोहण्याच्या तलावाच्या सगळ्यात उंच फळीवरून उडी मारीन..." आणि वळलो, फळ्यावर 'प्रस्ताव' लिहायला. मागं बाकं सरकल्याचा आवाज आला. म्हटलं, वा, जागे झाले! शब्द पुरा करून वळतो, तर वर्ग रिकामा!

खिडकीशी धावलो. अख्खा वर्ग मैदानावर, उलटा धावतोय! उदाहरण होतं हो ते, नुसतं उदाहरण! मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडलो, "प्रस्ताव मागे घेतोय! मागे घेतोय!" आता उलटं धावत दूर जाणाऱ्या माणसाचं तोंड कुणीकडं असतं? माझ्याकडं! मी दिसत होतो त्यांना, ऐकू मात्र काही जात नव्हतं. त्यांना वाटलं, सर प्रोत्साहन देताहेत. हात हलवले हो मला... वेग वाढवला!

आले परत घामाघूम. मीही बाह्या सरसावल्या. "हे बघा, प्रस्ताव मी वेळेत मागे घेतला होता."

आणि तुम्हाला सांगतो, इथं आक्रीत घडलं. मागच्या रांगेत एक गोळाफेकवाला बसतो, सगळे त्याला डोंगर म्हणतात. त्याचा आवाज मी हजेरीलाही ऐकला नव्हता, नुसता पंजा वर करायचा. तो उठला. "सर, माघार समोरच्यापर्यंत पोचावी लागते. आमच्यापर्यंत तुमचे फक्त हातवारे पोचले."

मी म्हटलं, "अरे, पण ती थट्टा होती!"

पुढच्या बाकावर एक जिम्नॅस्ट मुलगी असते, पाय खाली सोडून बसणं तिला ठाऊकच नाही. ती मांडीची घडी न मोडता म्हणाली, "थट्टा होती की नाही, ते बोलणाऱ्याच्या मनावरून नाही ठरत, सर. ऐकणाऱ्या समंजस माणसाला काय वाटलं असतं, त्यावरून ठरतं. तुम्हीच शिकवलंत. आणि सबंध सत्रात तुम्ही एकदाही थट्टा केली नाहीत. समंजस माणसाला शंका यावी तरी कशी?"

मनात म्हटलं, शाब्बास गं पोरी! आणि लगेच डोळ्यांपुढं आली ती फळी! माझी दशा बघा... प्रत्येक बरोबर उत्तराला ऊर भरून येतोय आणि प्रत्येक बरोबर उत्तरानिशी मी शिडीची एकेक पायरी वर चढतोय!

"आणि मोबदला? मोबदल्याशिवाय करार होत नाही!" मी ठेवणीतला डाव काढला. "तुम्ही धावलात, त्यात मला काय मिळालं?"

"तुम्हाला मिळायला कशाला पाहिजे?" डोंगर म्हणाला. "तुमच्या शब्दावर आम्ही त्रास काढला, तेवढं पुरतं. माझा देह बघा, सर. उलटा धावलोय मी."

"बरं, मला इजा झाली तर?"

झालं! सगळा वर्ग तुटून पडला. "खेळात उतरणाऱ्यानं धोका पत्करलेला असतो!" "नेहमीचाच धोका हं, कुठलाही नाही!" "पाणी कमी निघालं तर जबाबदारी तलाव चालवणाऱ्याची!" "जीवरक्षक जागेवर नसेल तर निष्काळजीपणा!" "आहे, आहे, मी बघून आले!" कोण कुणाला खोडतंय, कोण बाकावर उभं राहतंय... आणि दारात बाई! कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. म्हटलं, सुटलो. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना, उदाहरण होतं हो ते!"

बाई म्हणाल्या, "विषय राहील, सर. मालिश रद्द." आणि मुलांकडं वळून, "तलावाची किल्ली कुणाकडं आहे?"

बायकोला फोन लावला. म्हटलं, ही नक्की अडवणार. "अगं, हे लोक मला उंच फळीवरून ढकलताहेत!"

"ढकलताहेत, की तुम्ही कबूल केलंत?"

"कबूल... म्हणजे उदाहरणार्थ."

"अहो, मग मारा की! पोहायची चड्डी घेऊन निघालेच मी. आणि हे बघा, मी आल्याशिवाय मारायची नाही!"

तर मारली! वरून तो तलाव, काय सांगू, टपालाच्या तिकिटाएवढा. मागून जिम्नॅस्ट पोरगी हळूच विचारते, "सर, संमती मुक्त आहे ना? दडपण वगैरे नाही ना?" केवढा अचूक प्रश्न हो! इतक्या सुंदर प्रश्नाचा फायदा घेऊन खाली उतरणं जिवावर आलं. "मुक्त आहे, बाळ," म्हटलं, आणि पाऊल टाकलं हवेत. मी किंचाळत होतो म्हणे. माझा आपला समज, मी हसत होतो.

वर आलो तर नाकातोंडात पाणी, काठावर टाळ्या, बायको दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवतेय... ही कला तिला अवगत आहे हे मला लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! डोंगरानं एका हातानं मला बाहेर काढलं, टॉवेल पांघरला, आणि वाकून, अगदी अदबीनं म्हणाला, "सर, एक शंका आहे."

शंका! अहो, कान तृप्त झाले माझे! "विचार बाळा, विचार!"

"तुम्ही 'जो कोणी' म्हणालात. म्हणजे सगळ्या वर्गाशी मिळून एक करार नाही झाला, प्रत्येकाशी वेगळा झाला. तर आत्ताची उडी कुणाच्या नावावर धरायची?"

...बरोबर आहे हो त्याचं. पैकीच्या पैकी गुण दिले मी. आता दर शुक्रवारी एक उडी, असं ठरलंय. वर्ग मोठा आहे.