बारा तहानलेले खजूर

केबिली शहराला जाणारी वडाप गाडी आठवा प्रवासी आल्याशिवाय सुटणार नव्हती. हाज बशीर जपमाळ ओढत बसले होते, पण मागच्या सीटवर लामीन आणि मबरूका हे नवराबायको बोलू लागले आणि हाज बशीरांचं बोट एका मण्यावरच थांबलं.

“संशोधन केंद्रातल्या त्या पोरीला काय सांगायचं, ते आत्ताच ठरवा.”

“काय ठरवायचं? तिने आपल्या बारा खजुरांना निम्मंच पाणी द्यायला सांगितलं होतं.”

“ऊन दरवर्षी वाढतंय, किती कमी पाण्यात झाड तगतं ते बघायचंय, म्हणाली. तगली की.”

“नुसती तगली? घड पेलवेनात त्यांना. म्हणून तर आता केंद्रवाले अख्ख्या गावाचं पाणी निम्मं करायचं म्हणतायत.”

“अहो, झाडाला तहानलेलं ठेवून मला नमाजाला उभं राहवेना. सांजेला प्रत्येकाला बादलीभर घालत होते.”

“रोज?”

“शुक्रवारी दोन.”

“तीन वर्षांचं काम आहे तिचं, मबरूका. रडेल बिचारी.”

“रडू दे. भाकरी आणलीय, जवळ बसवून भरवीन. पण गाव सुकायला नको. मी खरं सांगून टाकते.”

“सांग बाई.”

“एक मात्र कळत नाही. माझ्या बादलीभर पाण्याने एवढे घड कसे लागले?”

“आठवा प्रवासी आला का, बघून येतो.”

“अहो, तुम्हाला विचारतेय.”

“पहाटे मशिदीत जाताना मी पाट तिकडे वळवायचो.”

“मग आधी तुम्ही बोला. तुमचं पाणी जास्त.”