मैदान की पार्किंग?

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर काय करायचं, हे विचारायला सरकारने वस्तीची सभा बोलावली होती. दारापाशी रांगेत दोघी जावा बोलत होत्या. मागे उभ्या सरकारी इंजिनिअरला सगळं ऐकू येत होतं.

"जाऊबाई, पार्किंगच मागा हं."

"छे! मी मुलांचं मैदान मागणार."

"अहो, आपल्या घरात लहान मूल आहे कुठे?"

"हळू बोल! पार्किंग म्हटलं की वरून काँक्रीट ओततील, आणि ती विषारी माती तशीच आपल्या उशाशी. मुलं खेळणार म्हटलं, की सगळी उपसावी लागते."

"आणि उपसून झाली की?"

"मग मागू की पार्किंग!"

"अगंबाई!"

थोरली मागे वळली. "तुम्ही काय मागणार हो, भाऊ?"

इंजिनिअरने गळ्यातलं ओळखपत्र हळूच शर्टात सरकवलं.

"मैदान."